चुलाण अजून पेटलेलं आहे

सेंत-ओदिल
रविवार, १४ मार्च १९७६

प्रिय ओव्हिलादादा,

इकडे सगळे जिवंत आहेत, घोड्यासकट. तुझं पत्र पोचलं. तिकडे धरणावर अजून हाडं फोडणारी थंडी आहे आणि ताटात रोज उकडलेले बटाटे असतात हे वाचून मला जराही वाईट वाटलं नाही. कुणी सांगितलं होतं जायला? जाऊ दे. आज रविवार आहे, भांडायचं नाही असं ठरवून बसले आहे.

रस सुटला, साखर सुरू झाली! रात्री कडक गोठतंय आणि दुपारी ऊन पडलं की छपराच्या कडा गळायला लागतात, म्हणजे हवं तसंच. टेकडीवरच्या सगळ्या मेपलांना तोट्या मारून झाल्या. बाबांनी भोकं पाडली, मी तोट्या ठोकल्या आणि बादल्या अडकवल्या. रसाची टाकी ओढायला आपला कॅडिलॅक आहेच. म्हातारा झालाय तो, प्रत्येक झाडापाशी थांबतो, आणि थांबला की वाटतं आता हा इथेच घर करणार. त्याला हे नाव कुणी ठेवलं होतं? तूच ना? गाडी घ्यायची ऐपत नाही म्हणून घोड्याचं नाव कॅडिलॅक!

पहिल्या काहिलीचा पाक इतका फिका उतरला की बाटलीतून बघितलं तर पलीकडे बसलेला शेजारचा आल्सिद स्पष्ट दिसत होता, आणि तोसुद्धा बरा दिसत होता. चाळीस बादल्या रस आटवावा तेव्हा कुठे एक बादली पाक, हे गणित तू विसरला असशील. माझे खांदे विसरत नाहीत.

आता खरं सांगते. वरचं सगळं मी वेळ काढायला लिहिलं.

जानेवारीत रोलांद, आल्सिदची बायको, आपल्याकडे एक बाटली विसरून गेली. दुकानातली. वर मेपलचं लाल पान छापलेलं आणि आत मक्याचा पाक नि रंग. आठवतं, पाद्रींच्या टेबलावर असली बाटली दिसली तेव्हा बाबांनी खिडकी उघडून ती बर्फात भिरकावली होती? वर त्यांनाच विचारलं होतं, "प्रवचन खरं आणि पाक खोटा, हे कसं चालतं हो?" तर रोलांदची तसलीच बाटली. सकाळच्या घाईत मी ती टेबलावर ठेवली आणि बाबांनी ती धिरड्यांवर ओतली.

"आपला तो आपला," बाबा म्हणाले आणि आणखी ओतली.

मी खो खो हसले. वाटलं, म्हातारा माझी फिरकी घेतोय. मग मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. फिरकी नव्हती रे, दादा. ते मनापासून खात होते.

खोदखोदून विचारलं तेव्हा कबूल झाले. गेल्या उन्हाळ्यापासून वासच येत नाही म्हणे. ना धुराचा, ना घोड्याचा, ना भाजलेल्या पावाचा. जिभेला गोड, खारट, आंबट एवढंच कळतं. "गोड तर साखरही असते, इर्मा," म्हणाले. "मेपल आहे का नाही, ते नाकाला कळतं." आणि पुढची धिरडी कोरडीच खाल्ली.

क्वेबेकच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. त्याच, जिथे आईला नेलं होतं. फोटो काढले. कपाळाच्या मागे गाठ आहे, अंड्याएवढी. नाक तिने खाल्लं, आता डोळ्यांच्या नसांवर बसायला लागली आहे. सर्जन म्हणाला, काढली तर डोळे वाचतील. नाही काढली तर आधी डोळे जातील, मग माणूस. काढताना काय होईल याची हमी मात्र देणार नाही म्हणाला. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "साखर झाली की येतो."

"म्हणजे कधी?" सर्जनने विचारलं.

"झाडं सांगतील."

तो शहरातला माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, एप्रिलच्या मध्यापर्यंत आटपतं. त्याने मान हलवली. त्यानंतर एक दिवसही थांबू नका, म्हणाला.

आता खरी गोम ऐक. हंगाम कधी संपला हे आपल्या अख्ख्या आळीत बाबांचीच जीभ ठरवते. कळ्या फुगायला लागल्या की रस बिघडतो आणि पाकाला तो घाण वास येतो. तू त्याला ओले मोजे म्हणायचास. पण पहिल्या दिवशी तो वास इतका पुसट असतो की भल्याभल्यांना कळत नाही. म्हणून मार्च सरला की सगळे आपापल्या काहिलीतला घोटभर पाक बरणीतून घेऊन येतात. बाबा चाखतात, डोळे मिटतात आणि "चालू द्या" म्हणतात, नाहीतर "झालं". "झालं" म्हटलं की दुसऱ्या दिवशी आळीभर तोट्या निघतात. आजोबांच्या वेळेपासून असंच चाललंय, आजवर कुणी उलटून बोललेलं नाही.

मी म्हटलं, सांगून टाका ना लोकांना सरळ. "सांगेन, साखर झाली की. यंदाची एवढी होऊ दे," म्हणाले. तेव्हा आता जीभ माझी आणि तोंड त्यांचं. त्यांच्याआधी मी डाव तोंडाला लावायचा. पाक चांगला असेल तर म्हणायचं, "बाबा, गाळणी आणू का?" बिघडला असेल तर म्हणायचं, "बाबा, दार उघडू का?" कुणाला संशय येत नाही. काल तालीम केली. बाबांनी डोळे मिटून इतकं झकास नाटक केलं की मला हसूही येईना आणि रडूही.

नाही म्हणता आलं नाही मला. तुला आलं असतं?

हे लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली. मी "दार उघडू का" म्हटलं की साखर संपली, आणि साखर संपली की बाबा त्या टेबलावर. म्हणजे ते मीच म्हणायचं आहे.

असो. लोकरीचे मोजे पाठवते आहे, धुवून पाठवते आहे.

तुझी बहीण,
इर्मा

*

सेंत-ओदिल
झावळ्यांचा रविवार, ११ एप्रिल

प्रिय दादा,

"ऑपरेशन कधी?" दोन शब्दांचं पत्र! तिकडे शाई रेशनवर मिळते का? मी इथे बोटं मोडेपर्यंत लिहायचं आणि तू दोन शब्द धाडायचे. बरं आहे.

अजून साखर चालू आहे. रस येतोय. रोज येतोय असं नाही, पण येतोय.

बाकी ठीक. रोलांदच्या मधल्या मुलीचं जमलं, मुलगा करवतीच्या कारखान्यात आहे आणि बोलताना तोंड उघडत नाही, म्हणजे त्या घरात टिकेल. बर्फ आता फक्त टेकडीच्या पलीकडच्या उतारावर राहिलंय. कॅडिलॅक चिखलातून टाकी ओढतो आणि माझ्याकडे असं बघतो की जणू चिखल मीच कालवला आहे. ओढ्याकाठी बेडूक ओरडायला लागलेत, पण त्यांचं काय, ते कधीही ओरडतात.

आल्सिदने तोट्या काढल्या. कंबर धरली म्हणे. त्याच्या पलीकडच्यांनीही काढल्या, त्यांचा घोडा लंगडतोय म्हणे. वरच्या टोकाच्यांच्या काहिलीला चीर गेली. यंदा आळीत सगळ्यांना एकदमच काही ना काही झालंय. बरण्या घेऊन यंदा फारसं कुणी आलं नाही. आल्सिद तेवढा एकदा आला होता, पाक चाखवून गेला, आणि बाबांनी "चालू द्या" म्हटल्यावर "हो हो, चालू देतो" म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली.

आपला पाक काळा उतरतोय, कॉफीसारखा. उशिराचा काळाच असतो, तुला माहीत आहे. फेस जास्त येतो म्हणून लोणी जास्त टाकावं लागतं. बाबा खूश आहेत. दिवसभर वाफेत उभे असतात, शर्टाच्या बाह्या वर करून, आणि आजोबांच्या गोष्टी सांगतात. "या काहिलीत रस आणि आग सोडून काही गेलेलं नाही, इर्मा," असं काल आल्सिदसमोर म्हणाले. "आणि लोणी," मी म्हटलं. "लोणी फेसात जातं, पाकात नाही," म्हणाले. वकील व्हायला हवे होते.

डोळ्यांचं तू विचारशील म्हणून सांगते. नवा चष्मा करायला हवा. बाकी काही नाही.

मी रोज चाखते. रोज गाळणी आणते.

तिथल्या स्वयंपाक्याला सांग की बटाट्यात मीठ घालतात.

इर्मा

*

सेंत-ओदिल
गुरुवार, २२ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं. "बेडूक ओरडल्यावर कधी पाक चांगला उतरलाय का?" या वेळी एक पूर्ण वाक्य लिहिलंस आणि तेच नेमकं लागलं.

नाही उतरत. उतरला नाही. झावळ्यांच्या रविवारच्या बऱ्याच आधीपासून पाक बिघडलेला आहे. मी खोटं बोलले. तुझ्याशी पत्रातून, बाबांशी तोंडावर.

पहिल्या दिवशी डाव तोंडाशी नेला आणि तो वास आला. पुसट होता, पण होता. बाबा माझ्याकडे बघत होते. मला फक्त "दार उघडू का" एवढं म्हणायचं होतं. तूच म्हणतोस ना, इर्माच्या जिभेला हाड नाही? पाद्रींना मी सुनावते, आल्सिदला सुनावते, मंडईत वजनकाट्यावर हात ठेवणाऱ्याला सुनावते. आणि त्या वेळी ही माझी जीभ टाळ्याला चिकटली. डोळ्यांसमोर आई आली. स्वतःच्या पायांनी गेली होती रे ती त्या दवाखान्यात! पित्ताचे खडे काढायचे, रविवारी घरी, असं सांगून गेली होती. जाताना मला म्हणाली, बीन्स भिजत घाल. मी घातल्या होत्या. त्या तशाच भिजत राहिल्या.

तर मी म्हटलं, "बाबा, गाळणी आणू का?" म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वास वाढला होता आणि सांगणं आणखी अवघड झालं होतं. मग रोज तेच. आता पाक आटवायच्या खोपीत मी तोंडानेच श्वास घेते. वाफ खाली रस्त्यापर्यंत जाते, येणारा जाणारा नाकाला रुमाल लावतो. त्या वासाच्या मधोमध बाबा उभे, गुणगुणत असतात. त्यांना ती वाफ म्हणजे नुसती ऊब.

आळीला सगळं कळलं. न कळायला काय झालं? कुणी एका शब्दाने बोललं नाही. कंबर धरली, घोडा लंगडला, काहील फुटली. मला राग आला होता त्यांचा आधी, मग एवढी लाज वाटली की रोलांदच्या दारावरून जाताना मी मान खाली घालते. त्यांनी तोट्या काढल्या त्यासुद्धा गुपचूप, बाबांना हातोडीचा आवाज जाऊ नये म्हणून दुपारी बाबा झोपलेले असताना.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात गावातले डॉक्टर स्वतः खोपीत आले. नवे आहेत, पोरसवदा, पण जीव लावून काम करतात. बाबांना समोर बसवून बोट इकडून तिकडे फिरवलं. डावीकडचं बाबांना दिसतच नाही. त्याआधी दोनदा बाबांनी भरलेली बादली टाकीच्या बाहेर ओतली होती आणि मी "हात थरथरला असेल" म्हणाले होते. डॉक्टर म्हणाले, "मस्यू फिलियास, आजच्या आज निघा."

"साखर चालू आहे, डॉक्टर," बाबा म्हणाले. "धूर दिसला नाही का येताना?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या नाकालाही काहीतरी कळलं असणार, पण ते माँट्रियलचे, त्यांना वाटलं असेल साखर अशीच वास मारते. मी पाठ फिरवून गाळणीचं फडकं पिळत बसले. ते गेल्यावर मी खोपीमागे जाऊन उलटी केली. ती वासाने झाली का भीतीने, मला सांगता येणार नाही.

तेव्हा ठरवलं. ईस्टरच्या सोमवारी सगळी आळी जेवायला येते. त्यांच्यादेखत म्हणायचं. त्यांच्यासमोर बाबा "झालं" म्हणतील, टोपी घालतील, आणि मी त्यांना क्वेबेकला घेऊन जाईन.

आली सगळी. दरवर्षीसारखंच सगळं केलं होतं. हॅम, बीन्स, पाकात शिजवलेली अंडी, उतारावरून पाटीभर बर्फ आणून त्यावर पाक ओतून केलेली चिक्की. आल्सिदच्या नातीने पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं, रोलांदने टेबलाखालून तिला चिमटा काढला. पोरगी रडायला लागली. "दात दुखतोय तिचा," रोलांद म्हणाली. आल्सिदने आपलं ताट पुसून पुसून खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. "फिलियास, यंदा कमाल केलीस," म्हणाला. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

मग काहील तयार झाली. डावावरून पाक पडद्यासारखा पडायला लागला. मी डाव तोंडाला लावला, गिळवेना, गिळला. सगळे बघत होते. मी मोठ्याने म्हटलं, "बाबा, दार उघडू का?"

बाबा थांबले. डाव माझ्या हातातून घेतला. दोनदा चाचपडावं लागलं तो घ्यायला. चाखला. डोळे मिटले.

"कशाला?" म्हणाले. "थंडी आत येईल. गाळणी आण."

दादा, मी गाळणी आणली.

सगळे गेल्यावर, उन्हं अजून होती, मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"बाबा, मी दार उघडू का म्हटलं होतं."

"ऐकलं मी."

"पाक बिघडलाय. केव्हाचाच बिघडलाय. रोज खोटं बोलले मी तुमच्याशी."

"माहीत आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते काठीने चुलाणातली राख सारखी करत होते. म्हणाले, "नाक गेलंय माझं, उजवीकडचं थोडं दिसतं अजून. कळ्या लाल झालेल्या दिसल्या. कुणाच्या खोपीवर धूर नाही, तेही दिसलं. त्या पोरीला रोलांदने चिमटा काढला तोही दिसला."

"मग थांबवलंत का नाही?"

"तू म्हणत नव्हतीस." मग काठी बाजूला ठेवून म्हणाले, "रोज वाटायचं, आज म्हणेल. म्हणाली की टोपी घालायची आणि निघायचं, मागे बघायचं नाही. तू म्हणायची नाहीस. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?"

"आता म्हटलं ना मी! आता चला!"

"आता मला भीती वाटते, इर्मा."

बाबांच्या तोंडून हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. रागवावं, ओढून न्यावं, पाया पडावं, काय करावं ते मला कळेना. मी त्यांच्या शेजारी बसले आणि रडले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आग विझायला आली होती. त्यांनी चाचपडत एक ओंडका घेतला आणि आत सारला.

सुट्टी मिळते का बघ. तू त्यांचा मुलगा आहेस, तुझं ऐकतील. माझं आता ते ऐकणार नाहीत आणि माझ्या तोंडून पुन्हा काही निघणारही नाही.

इर्मा

*

सेंत-ओदिल
गुरुवार, ६ मे

दादा,

विमान वीस तारखेशिवाय नाही, असं कळवलंस. वाचलं.

रस थांबला. एक थेंब येत नाही. झाडांना पालवी फुटली आहे. बादल्या मी एकटीने उतरवल्या, तोट्या काढल्या. आल्सिद आला मदतीला, त्याची कंबर बरी झाली आहे.

मला वाटलं, आता तर संपलंच. झाडांनीच सांगितलं. आता काय कारण काढतील? बाबा म्हणाले, "काहील धुवायला हवी." ते खरंच आहे, हंगाम संपला की काहिलीत पाणी भरून उकळायचं असतं, त्याशिवाय तळाला साचलेली पाकाची रेव सुटत नाही. एक दिवसाचं काम. मी विहिरीवरून पाणी आणलं, काहील भरली, चुलाण पेटवलं. सुटली सगळी रेव. चकचकीत निघाली.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, अजून आहे. मी पुन्हा भरली. तेव्हापासून रोज चाललंय. सकाळी मी त्यांना दंडाला धरून खोपीत नेते. ते काहिलीसमोर उभे राहतात, वाफेत, बाह्या वर करून. मी विहिरीवरून पाणी आणते आणि आत ओतते. आम्ही पाणी उकळतो, दादा. दिवसभर नुसतं पाणी उकळतो. उकळून काही राहत नाही, संध्याकाळी काहील कोरडी, दुसऱ्या दिवशी परत पाणी. डॉक्टर फाटकापाशी येऊन उभे राहिले होते परवा. मी बाहेर गेले. ते म्हणाले, बळजबरी करता येत नाही कुणावर, तुम्हीच समजवा. आणि धुराकडे बघत राहिले.

समजावलं. रडून समजावलं, ओरडून समजावलं. पाद्रींना आणलं. आल्सिदला आणलं, तो तर हात जोडून उभा राहिला. बाबा सगळ्यांना म्हणाले, "एवढी धुऊन झाली की निघालोच." चांगलं बोलले सगळ्यांशी. पूर्वी असे कुणाशी बोलायचे नाहीत.

काल दुपारी मी पाणी घेऊन आले तर ते म्हणाले, "इर्मा, कुठे आहेस?"

मी त्यांच्या समोर उभी होते. उजवीकडे. बाहेर लख्ख ऊन होतं, दार उघडं होतं.

"इथेच आहे, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. डाव हातात होता. तो त्यांनी काहिलीत बुडवला, वर उचलला आणि माझ्या बाजूला धरला. त्याच्यातून विहिरीचं पाणी खाली गळत होतं.

"रंग कसा आलाय?" त्यांनी विचारलं.

ते वेळ मारून नेत होते का त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. मी म्हटलं, "सोनेरी आलाय, बाबा. पहिल्या काहिलीसारखा."

ते हसले. किती दिवसांनी असे हसले.

वीस तारखेची वाट बघू नकोस. पायी नीघ, मालगाडीने नीघ, कसाही ये. आल्या आल्या कुणाशी बोलू नकोस, बाबांशी नाही, माझ्याशी तर नाहीच. सरळ खोपीत जा आणि ती आग विझव. मला माहीत आहे ती विझवायला हवी. पण रोज सकाळी लाकडं मीच घालते आहे.

इर्मा